साठीनंतरचा व्यायाम : रोज चालतो, पण पाटावरून उठता येते का?

पहाटे साडेपाचला नाशिकमधील कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेले तर साठी उलटलेल्यांची गर्दी तरुणांपेक्षा कमी नसते. कोणी मफलर गुंडाळलेला, कोणी बूट हातात घेऊन मातीवर अनवाणी, कोणी राजकारणावर बोलत सहावी फेरी मारणारा. त्या गर्दीत मी अकरा वर्षे होतो. रोज पाऊण तास, पावसाळ्यात छत्री घेऊनसुद्धा. त्यामुळे पंचवटीत एका नातेवाइकाकडे सत्यनारायणाच्या पूजेनंतर पंगतीत पाटावर बसलो आणि जेवण आटोपल्यावर उठता येईना, तेव्हा पायाला मुंग्या आल्या असतील असेच मला आधी वाटले. मुंग्या आल्या नव्हत्या. उजवा हात फरशीवर टेकला, डावा शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवला, तरी शरीर वीतभर वर जाऊन पुन्हा पाटावर आले. ताक वाढायला आलेल्या मुलाने हातातले भांडे खाली ठेवले आणि मला काखेत धरून उभे केले. तेव्हा माझे वय ६६ होते.

त्या चालण्याने माझे हृदय आणि रक्तातली साखर यांची चांगली निगा राखली होती आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सपाट जमिनीवर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला आपल्या ताकदीचा थोडासाच भाग खर्च करावा लागतो, आणि जी ताकद कधी मागितलीच जात नाही ती शरीर हळूहळू मोडीत काढते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात, आणि ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम नेमके तेच करतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाची हालचाल, किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचा मिळून सराव. आपल्याकडे पहिली गोष्ट बहुतेकांना पाठ असते. या लेखात भर आहे तो उरलेल्या दोन गोष्टींवर.

‘या वयात आता काय ताकद येणार’ हा प्रश्न ट्रॅकवरच्या बाकांवर हमखास निघतो. त्याचे उत्तर १९९० साली मिळालेले आहे. अमेरिकेतील बॉस्टनच्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचे वजनासह व्यायाम देण्यात आले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. मुळात ती फारच कमी असल्यामुळे आकडा एवढा मोठा दिसतो हे खरे आहे, पण नव्वदीतला स्नायूही काम दिल्यावर प्रतिसाद देतो एवढे त्यावरून निर्विवाद ठरते.

आधी डॉक्टर, मग मोजमाप

पंगतीतल्या प्रसंगाची लाज वाटून मी पुढच्याच सोमवारी एका व्यायामशाळेत नाव घातले. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी खांद्यावर लोखंडी दांडा देऊन बैठका मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर अशी धरली की चपला घालण्यासाठीही वाकता येईना, आणि पुढचे तीन आठवडे अंथरुणात गेले. त्या मुलाला दोष देऊन मी बरेच दिवस समाधान मानले, परंतु मला काय झेपते हे त्याने मोजले नव्हते तसे मीही मोजले नव्हते.

म्हणून पहिली पायरी म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटणे. चालताना छातीत दाब किंवा कळ येणे, पूर्वी सहज होणाऱ्या कामातही धाप लागणे, घेरी येणे, गेल्या वर्षभरात एकदाही पडणे, यांपैकी काही असेल तर तपासणीपूर्वी काहीच सुरू करू नये. रक्तदाब बसल्या जागी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक उतरू शकते. व्यायामापूर्वी ती ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावे आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे अशा मधुमेहींनी मातीवर अनवाणी चालण्याचा मोह टाळावा, कारण खडा रुतल्याचे कळतच नाही आणि जखम चिघळते. हृदयाची गती मंदावणारी औषधे (नावाच्या शेवटी बहुधा ‘लोल’ असते) घेणाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवर विसंबू नये, कारण औषधामुळे ते ठोके पुरेसे वाढत नाहीत. ज्यांची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे त्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणे आणि कमरेतून पिळा देणे टाळावे. मणक्याला त्यानेच दगा होतो. सूर्यनमस्कार लहानपणापासून घालणाऱ्यांना हे पटत नाही, पण त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते पुढे चालू ठेवावेत.

मोजमाप घरीच करता येते. सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची खुर्ची नको. ती घसरते आणि तिचे पाय फाकतात. दोन्ही हात छातीवर आडवे धरून ३० सेकंदांत पूर्ण उभे राहणे आणि बसणे किती वेळा जमते ते मोजावे, आणि घड्याळाकडे दुसऱ्या कोणालातरी लक्ष ठेवायला सांगावे. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमले तर ते वयाच्या मानाने कमी समजतात. पासष्ट ते एकोणसत्तरसाठी हे आकडे १२ आणि ११ आहेत, तर सत्तर ते चौऱ्याहत्तरसाठी १२ आणि १०. उठताना हात टेकावा लागला तर गुण शून्य. माझे नऊ झाले होते, तेही शेवटची दोन दात आवळून.

दुसरी चाचणी तोलाची आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभे राहून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवावी आणि दहा सेकंद हात न लावता उभे राहावे. हे जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे धरावे. तिसरी चाचणी चालण्याची : खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जाणे, वळणे, परत येऊन बसणे. यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील तर व्यायामाची सुरुवात एकट्याने न करता फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावी. तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.

खुर्ची : बारा आठवड्यांचा कणा

एकच व्यायाम करायचा असेल तर खुर्चीतून उठण्याचा करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यात मांडी, नितंब आणि पाठ तिन्ही एकदम कामाला लागतात, आणि संडास, रिक्षा, एसटीचे आसन या सगळ्या ठिकाणी उपयोगी पडणारी हालचाल हीच आहे.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावे. पावले खांद्याइतकी रुंद ठेवून गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण पावले पुढे राहिली तर माणूस स्वतःला हिसका देऊन वर फेकतो. छाती पुढे काढून, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत कमरेतून झुकावे आणि टाचांवर जोर देऊन उठावे. गुडघे एकमेकांकडे वळू देऊ नयेत. ते वळत असतील तर मांड्यांभोवती जुन्या ओढणीची सैल गाठ बांधून ती ताणलेली ठेवण्याचा प्रयत्न करावा. उठताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि वयस्कर माणसे नकळत नेमके तेच करतात. माझी फिजिओथेरपिस्ट मला उठताना मोठ्याने आकडे मोजायला लावत असे, कारण बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. बसताना मात्र मनात तीनपर्यंत मोजत सावकाश खाली यावे. धपकन बसणे म्हणजे निम्मा व्यायाम फुकट घालवणे होय, कारण जिना उतरताना मांडीला करावा लागणारा ‘ब्रेक’ याच सावकाश बसण्यातून तयार होतो.

पहिले दोन आठवडे आठ-आठच्या दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. आठ जमत नसतील तर खुर्चीवर दुमडलेली सतरंजी ठेवून बैठक उंच करावी आणि दर आठवड्याला एक घडी कमी करत जावी. तिसऱ्या आठवड्यापासून तीन फेऱ्या, आणि फेरीत दहा सहज होऊ लागल्यावर पुढे काठिण्य वाढवावे : आधी छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून, नंतर पाच किलोची. फेरीच्या शेवटी ‘आणखी दोन जमली असती’ एवढी शक्ती उरली पाहिजे. आणखी दहा जमली असती असे वाटत असेल तर तो व्यायाम आता केवळ हालचाल उरला आहे. आठव्या आठवड्यानंतर, गुडघे साथ देत असतील तर, एका फेरीत उठणे शक्य तितके झटक्यात आणि बसणे सावकाश ठेवावे. आधी सांगितलेले झटकन आकुंचन पावणारे तंतू अशा चपळ उठण्यानेच जागे होतात.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते पण मांडीचा घेर तेवढाच राहतो. आधी मज्जातंतू स्नायूला नीट हुकूम द्यायला शिकतात आणि स्नायू भरण्याचे काम त्यानंतर दिसू लागते, त्यामुळे महिनाभरात आरशात फरक न दिसल्याने निराश होण्याचे कारण नाही.

खुर्चीच्या जोडीला चार व्यायाम पुरतात. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीवर जोर काढावेत. ते सोपे झाले की ओट्याच्या कडेला हात ठेवून. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून, कोपरे शरीराला घासत मागे नेत तो पोटाकडे ओढावा, ज्याने पोक काढून बसणाऱ्यांची पाठ उभी राहते. ओट्याला बोटे टेकवून टाचा उचलाव्यात आणि चवड्यांवर दोन सेकंद थांबावे. चौथा व्यायाम ओझे वाहण्याचा आहे, आणि त्यासाठी बुधवारी गोदावरीकाठच्या गंगाघाटावरच्या बाजारासारखी दुसरी व्यायामशाळा नाही : भाजी एकाच पिशवीत कोंबण्याऐवजी दोन पिशव्यांत सारखी वाटून घ्यावी, दोन्ही हातांत धरून ताठ मानेने चालावे, दमल्यावर खाली ठेवाव्यात आणि पुन्हा उचलाव्यात. मुले ‘आई, पिशवी इकडे द्या’ म्हणतील, तेव्हा एक पिशवी खुशाल द्यावी, मात्र दुसरी आपल्याकडेच ठेवावी.

तोल

तोलाचा सराव कंटाळवाणा असतो, म्हणून तो दुसऱ्या कामाला चिकटवावा लागतो. कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना ओट्याच्या, गॅसपासून दूरच्या टोकाला उभे राहून आधी पावले जुळवून, मग टाचेला बोटे टेकवून, मग एका पायावर, अशा क्रमाने प्रत्येकी दहा ते तीस सेकंद उभे राहावे. एक बोट ओट्याला टेकलेले असू द्यावे आणि आठवड्यागणिक ते उचलण्याचा प्रयत्न करावा. हे जमू लागले की मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे वळवावी, कारण रस्ता ओलांडताना मान वळवावी लागतेच आणि तेव्हाही तोल जाऊ शकतो. डोळे मिटून करण्याची हौस एकट्याने भागवू नये. पायांत मोजे नकोत, आणि अंगाला तेल लावलेले असेल त्या दिवशी फरशीवरचा हा सराव आंघोळीनंतरच करावा.

ओट्यालगत टाचेला बोटे टेकवत सरळ रेषेत दहा पावले जाणे आणि तितकीच मागे येणे, तसेच खेकड्यासारखे आडवे चालणे, हेही जोडावे. आडवे चालण्यात नितंबाच्या बाजूचे जे स्नायू लागतात ते सरळ चालण्यात फारसे वापरले जात नाहीत, आणि माणूस बाजूला पडतो तेव्हा खुब्याचे हाड वाचवण्याची वेळ त्यांच्यावरच येते.

चालणे सोडू नये, सुधारावे

रमतगमत केलेली फेरी मनाला चांगली असली तरी तिला मध्यम दमाची हालचाल म्हणता येत नाही. बोलता यावे पण गाता येऊ नये, ही कसोटी सर्वांत सोपी आहे. पावले मोजणाऱ्यांनी मिनिटाला शंभर हा आकडा लक्षात ठेवावा. वयस्कर माणसासाठी तेवढा वेग साधारण मध्यम दमाचा ठरतो. दिवसाला दहा हजार पावले हा आकडा मात्र वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला, त्यामुळे सहा-सात हजारांवर थांबणाऱ्याने स्वतःला दोषी समजू नये.

सुरुवातीची पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे सावकाश चालावे. मधल्या वीस मिनिटांत दोन मिनिटे भरभर आणि दोन मिनिटे संथ, असा खेळ ठेवला तर तोच ट्रॅक दुप्पट फळ देतो. गटात चालणाऱ्यांची गती गटातल्या सर्वांत संथ माणसाइतकी होते, आणि मैत्रीखातर ते चालवून घ्यायचेच असेल तर निदान शेवटच्या दोन फेऱ्या एकट्याने माराव्यात.

नाशिकच्या हवेचा विचारही करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. हृदयरोग असणाऱ्यांनी त्या दिवसांत पहाटे पाचचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर निघावे आणि घरातच पाच मिनिटे हातपाय हलवून मग बाहेर पडावे. एप्रिल-मे मध्ये उलट, सातच्या आत घरात. पावसाळ्यात गंगाघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तिथे चालण्याचा सराव करण्यात शहाणपण नाही. रस्ते खणलेले असतात आणि पदपथांवर गाड्या उभ्या असतात, ही आपल्या शहरातील वयस्करांची जुनी तक्रार आहे. ती दूर होईपर्यंत गोल्फ क्लबचे मैदान, इंदिरानगरचा ट्रॅक किंवा आपल्या इमारतीचा वाहनतळ यांपैकी जे जवळ असेल ते बरे. गुडघ्याचे दुखणे मोठे असणाऱ्यांनी पाण्यात चालावे, कारण छातीइतक्या पाण्यात सांध्यांवरचे वजन बरेच हलके होते.

आठवड्याची मांडणी अशी ठेवता येते : सोमवार, गुरुवार आणि झेपल्यास शनिवार खुर्ची व तिच्या जोडीचे चार व्यायाम, ज्यांना मिळून अर्धा तास लागतो, तोलाचा सराव रोज पाच-सात मिनिटे, आणि पाच दिवस तीस मिनिटे भरभर चालणे. त्याच स्नायूला सलग दोन दिवस ताकदीचे काम देऊ नये.

जमिनीवरून उठणे

खुर्चीवरून बारा आठवडे नीट सराव झाल्यावरच याकडे वळावे. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय हे करू नये. बाकीच्यांनी मात्र शिकलेच पाहिजे, कारण घरात एकटे असताना पडलेला माणूस फारशी इजा नसतानाही केवळ उठता न आल्यामुळे तासन्तास पडून राहतो.

भिंतीजवळ जाड सतरंजी अंथरावी, बाजूला भक्कम खुर्ची ठेवावी आणि पहिले काही दिवस घरातले कोणीतरी जवळ असावे. मांडी घातलेल्या स्थितीतून आधी एका कुशीवर वळावे आणि दोन्ही हात टेकून रांगण्याच्या स्थितीत यावे. रांगतच खुर्चीपर्यंत जावे आणि दोन्ही हात तिच्या बैठकीवर ठेवावेत. मग ज्या पायात जास्त बळ आहे तो पुढे आणून पाऊल जमिनीवर सपाट टेकवावे; या वेळी दुसरा गुडघा अजून सतरंजीवरच असतो, आणि इथे दोन श्वास थांबायचे असते. पुढच्या पायाच्या टाचेवर आणि दोन्ही हातांवर जोर देत उठावे, आणि पूर्ण उभे राहण्याआधी वळून खुर्चीवर बसावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून हे बसणे टाळू नये. दिवसातून दोन-तीनदा पुरे. काही आठवड्यांनी खुर्चीऐवजी पाट, आणि पुढे फक्त स्वतःची मांडी, असा आधार उतरवत न्यावा. मला पाटापर्यंत यायला पाच महिने लागले आणि अजूनही एक हात मांडीवर ठेवावाच लागतो. त्याचे मला फार वाईट वाटत नाही.

दुखणे, आजारपण आणि ताट

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांडी जड वाटणे ठीक आहे. सांध्यात सौम्य दुखले आणि चोवीस तासांत पूर्ववत झाले तरीही चालू ठेवता येते. ते दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले किंवा गुडघा सुजला तर पुढच्या वेळी फेऱ्या निम्म्या कराव्यात. गुडघ्याची झीज झाली म्हणून हलायचेच नाही हा समज घातक आहे, कारण मांडीचा स्नायू जितका बळकट, तितका सांध्यावरचा भार कमी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात पसरणारी कळ, घाम फुटून धाप लागणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवून १०८ वर फोन करावा. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत बसू नये.

आजारपणातली विश्रांती किती महाग पडते याचा अंदाज २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो : निरोगी वयस्करांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या केवळ पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटला. म्हणून डेंग्यू किंवा चिकुनगुन्यानंतर ताप उतरला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की पलंगाच्या कडेला बसून उठण्यापासून सुरुवात करावी, आणि पूर्वीच्या निम्म्यावरून चढत जावे.

स्नायू भरायला प्रथिने लागतात आणि आपले ताट तिथे तोकडे पडते. वयस्करांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीत पाच-सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, एका अंड्यात सहा आणि मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम असतात. त्यावरून सकाळी चहा-खारी आणि रात्री वरणभात घेणाऱ्याची किती तूट पडते ते उघड आहे. वरण घट्ट करावे, न्याहारीला मोडाची मटकी किंवा अंडी असावीत, दुपारी दही वाढवावे. मटकीची मिसळ न्याहारीला चालते का, असे नाशिककर विचारणारच : मटकीपुरती चालते, तर्रीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. ड आणि ब-१२ जीवनसत्त्वांची तपासणीही एकदा करून घ्यावी. त्यांची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटण्यामागे पुष्कळदा तेच कारण निघते.

दर आठ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी तिन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात. आकडा सलग दोनदा वाढला नाही तर वजन वाढवण्याची वेळ आली आहे किंवा ताट तपासण्याची. घरातली चाचणी कंटाळवाणी झाली की पांडवलेणीला जावे. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. गर्दी नसलेल्या दिवशी, ऊन तापण्याआधी, रबरी तळव्याचे बूट घालून निघावे. चढताना दर चाळीस-पन्नास पायऱ्यांवर, एक वाक्य न अडखळता बोलता येईपर्यंत थांबावे. खरी परीक्षा उतरताना असते : दमलेली मांडी थरथरू लागते आणि पायऱ्यांची उंची सारखी नसते, म्हणून काठी खालच्या पायरीवर आधी टेकवावी, मग पाऊल, आणि फोन खिशातच राहू द्यावा. दोन गुडघ्यांपैकी एक दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. खाली पोचल्यावर लगेच गाडीत न बसता पाच मिनिटे सपाटीवर चालावे, आणि मांडी दुसऱ्या दिवशी किती बोलते ते वहीत लिहावे.